घोंगडीच्या मुलखातला रंगीत स्वेटर

भोर-वेल्ह्यात लोकरीची जुनी ओळख घोंगडीची. तोरणा-राजगडाच्या घेऱ्यात आषाढात पाऊस धरला की दिवसेंदिवस उघडीप मिळत नाही. अशा पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन माणसं गुरांमागे हिंडली, भातलावणीला उतरली. लोकर मात्र इथली नव्हे. डोंगरमाथ्यावरचे गवळी धनगर म्हशी राखतात. दख्खनी मेंढी फलटण-माणच्या कोरड्या माळावरची, तिला हा पाऊस मानवत नाही. तिची लोकर सनगर विणकर मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही, त्यामुळे कोरड्या मुलखातली ही वस्तू ओल्या मुलखाच्या कामाला आली.

पण ही लोकर भरड. काळी, पांढरी, करडी अशी मेंढीच्या अंगावरच्याच रंगांची, आणि अंगालगत टोचणारी. म्हणून डोक्यातून घालायच्या स्वेटरला मऊ धागा लागतो. मेरिनोचा उत्तम, दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ते बहुतेक लुधियानाकडचं ॲक्रिलिक. ते रंगाला झकास आणि धुवायला सोपं, पण ओल पीत नाही. पहाटेच्या दवात फिरणाऱ्याला खऱ्या लोकरीचाच स्वेटर द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

घोंगडीत उभे-आडवे धागे एकमेकांना धरून राहतात. स्वेटरमध्ये एकच धागा फाशात फासा अडकवत पुढे जातो, म्हणून तो ताणतो आणि परत जागेवर येतो. सगळी करामत दोन टाक्यांची, सुलट आणि उलट. एक सुलट, एक उलट अशी ओळ विणून पुढच्या ओळीत सुलटावर उलट घेतला की दाणे उठतात. दोन सुलट, दोन उलट एकावर एक ठेवत गेलं की कमरेची लवचीक पट्टी होते. काही टाके तिसऱ्या सुईवर थांबवून पुढचे आधी विणले की वेणी पडते. या उठावात हवा अडकते आणि ऊब त्या हवेचीच असते. नक्षी म्हणून केलेलं हे काम थंडीतही उपयोगी पडतं.

रंग आणि उठाव एकत्र आणताना मात्र हात शहाणा लागतो. नव्या रंगाची पहिलीच ओळ समोरून उलट दिसेल अशी विणली, तर जुन्या रंगाचे ठिपके तिच्यात मिसळतात आणि पट्ट्याची कड तुटक दिसते. कड स्वच्छ हवी असेल तर ती एक ओळ समोरून सुलट ठेवायची, दाणे त्यानंतर. याहून सोपी आणि मला सगळ्यात आवडणारी युक्ती म्हणजे टाका न विणता नुसता उचलून घेणं. दोन ओळी मरून, दोन ओळी पिवळ्या. पिवळ्या ओळी विणताना दर चौथा मरून टाका तसाच उजव्या सुईवर सरकवायचा. खालचा रंग वर ओढला जातो, जाड उभी रेघ उमटते. हातात एका वेळी एकच धागा, तरी अंगावर दोन रंगांची जाळी दिसते. घरातले उरलेसुरले गुंडे अशा विणीत सुरेख खपतात.

माप चुकलं तर हे सगळं फुकट. आधी त्याच नक्षीचा, त्याच सुयांवर एक चौकोन विणून बघावा. १० सेंटीमीटरमध्ये २० टाके बसले तर २०० टाक्यांचा घेर १०० सेंटीमीटर होतो. हात घट्ट पडून तिथे २२ बसले, तर तोच घेर ९१ वर येतो आणि स्वेटर छातीला अडतो. वेण्या तर कापड आणखी आत ओढतात, म्हणून साध्या विणीच्या चौकोनावरून वेणीचा हिशेब धरू नये. सुया साधारणपणे पट्टीला १२ नंबरच्या, अंगाला १० नंबरच्या; नंबर वाढला की सुई बारीक होते.

लोकर घेताना एका रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे आहेत ना, हे लेबलावर पाहून घ्या. नंतर आणलेला गुंडा छटेत फसवतो. आणि लहान मुलासाठी विणत असाल तर बाही खांद्याकडून मनगटाकडे विणा. पुढच्या हिवाळ्यात मनगटाची पट्टी उसवायची, हाताशी असेल त्या रंगात दोन बोटं वीण वाढवायची आणि पट्टी पुन्हा घालायची. तोच स्वेटर आणखी एक वर्ष अंगाला होतो.