ध्वनीची गोष्ट : खंजिरी डावीकडे, आवाज उजवीकडे?

या आठवड्यात स्टुडिओतल्या कृत्रिम घुमाऱ्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण रोहण्याच्या एका वाचकाचा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत; ती आता मांडवातही वाजतात आणि मोबाईलला हेडफोन लावूनही ऐकली जातात. त्यांचं स्टिरिओ करावं का? माझ्या मते जरूर करावं, पण एका अटीवर : डावी आणि उजवी वाहिनी पुन्हा एकत्र केली की मूळ ध्वनी जसाच्या तसा परत मिळाला पाहिजे.

ही अट किती महत्त्वाची आहे ते सगळ्यात सोप्या युक्तीतूनच कळतं. तोच आवाज एका बाजूला १२ मिलिसेकंद उशिरा सोडायचा, एवढीच ती युक्ती. इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज कानाला वेगळे जाणवत नाहीत. हेल्मुट हासने १९४९ मध्ये बोलण्याच्या आवाजावर हे तपासून दाखवलं. हेडफोनवर गाणं एकदम रुंद होतं आणि ऐकणारा खूश होतो. पण मांडवात भोंग्याच्या ॲम्प्लिफायरला बहुधा दोन्ही वाहिन्या जोडूनच दिलेल्या असतात. जोडल्या की मूळ लहर आणि तिची उशिरा आलेली प्रत काही ठिकाणी एकमेकींना पुसून टाकतात. १२ मिलिसेकंदांच्या हिशेबाने त्या जागा येतात सुमारे ४२, १२५ आणि २०८ हर्ट्झवर, आणि पुढेही दर ८३ हर्ट्झवर. काळी चारचा षड्ज जवळजवळ २०८ हर्ट्झचाच असतो! म्हणजे त्या पट्टीत गाणाऱ्याच्या षड्जाचा पायाच निघून जातो, वरच्या सप्तकातला षड्ज मात्र ठणठणीत राहतो. आवाज पोकळ झाला म्हणून लोक भोंग्याला दोष देतात. भोंग्याचा त्यात काही दोष नसतो.

डेन्मार्कच्या रेडिओवरच्या होल्गर लॉरिडसनने १९५४ मध्ये यावर सुंदर तोड काढली. उशिराची प्रत डावीकडे मिळवायची आणि उजवीकडे वजा करायची. जे स्वर डावीकडे ठळक होतात ते उजवीकडे दबतात, त्यामुळे आवाज दोन बाजूंत विभागल्यासारखा वाटतो. आणि दोन्ही वाहिन्या जोडल्या की ती प्रत स्वतःलाच रद्द करते. अट पूर्ण झाली. तरी एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे. गळ्याचा सूर लांबट असतो, त्यात उशिराची प्रत मिसळून जाते. खंजिरीची थाप मात्र क्षणिक असते. अशा तीक्ष्ण ठोक्यांत पाचेक मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की कान दोन ठोके मोजू लागतो, आणि हेडफोनवर एका थापेच्या दोन थापा होतात. म्हणून खंजिरी भजनांना मी रॉबर्ट ऑर्बनची १९७० ची रीत सुचवेन. तिच्यात सरळ विलंब नसतो. वेगवेगळ्या कंप्रतांची फक्त कला (फेज) सरकवली जाते, पट्टे मोजके आणि रुंद ठेवले जातात, आणि बेरीज सपाट राहते.

आता कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? संगणकाने गळा आणि खंजिरी वेगळी काढा, एक डावीकडे ठेवा, एक उजवीकडे. इतर गाण्यांत हे पटण्यासारखं आहे, कारण तिथे गायक आणि वादक खरोखर वेगळ्या जागी बसलेले असतात. इथे खंजिरी महाराजांच्याच हातात आहे. हात आणि गळा यांच्यामध्ये मांडवाची रुंदी घालणं म्हणजे जे कधी घडलंच नाही ते ऐकवणं. ऑर्बनची रीत दोघांना एकाच जागी ठेवते, फक्त भोवतालची हवा मोकळी करते.

मांडवात तर मोनोच वाजवा. दोन भोंगे लांब लांब बांधलेले असले की जवळच्या भोंग्याखाली बसलेल्याला एकच बाजू ऐकू येणार. स्टिरिओचा त्याला काय उपयोग? रुंद केलेली प्रत हेडफोनवाल्यांसाठी ठेवा. आणि ती वाटण्याआधी दोन्ही वाहिन्या जोडून मूळ ध्वनिमुद्रणाशेजारी एकदा वाजवून पाहा. फरक ऐकू आला तर ती प्रत बाद करा. घुमाऱ्याचं पुढच्या आठवड्यात.