औषधशास्त्राची पदवी आणि दुकानातले काम

औषध देणे हे सोपे काम आहे, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. डॉक्टरने चिठ्ठी लिहावी, मेडिकलवाल्याने फळीवरून पाकीट काढावे, पैसे घ्यावेत आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळावे! काम एवढेच असेल, तर त्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका अगर चार वर्षांची पदवी कशाला हवी, असे कोणीही विचारील. आणि काम याहून मोठे असेल, तर ही दोन-चार वर्षे त्याची तयारी खरोखर करून देतात काय, हा दुसरा प्रश्न उभा राहतो. येथे विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रश्नाचा. आम्ही औषधशास्त्राचे पंडित नाही. आमचे आयुष्य दुकानांतल्या व दवाखान्यांतल्या नोकरांच्या संघटनेत गेले. परंतु एखाद्या धंद्याचे शिक्षण कितपत खरे आहे, हे तो धंदा करणाऱ्यांच्या हातांकडे पाहून कळते, एवढे आम्ही त्यात शिकलो.

पूर्वी हे काम कंपाउंडर करीत. डॉक्टरच्या हाताखाली राहून, पुड्या बांधून, मिश्रणे ढवळून ते शिकत. हात तयार होई. मात्र त्यामागचे शास्त्र बहुतेकांना कोणी सांगितलेले नसे. सन १९३० मध्ये सरकारने नेमलेल्या चोप्रा समितीने या अव्यवस्थेकडे लक्ष वेधले. १९३२ साली महादेवलाल श्रॉफ यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात या विषयाचे शिक्षण सुरू केले. पुढे १९४८ साली फार्मसी कायदा झाला आणि चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे ठरले. पाच वर्षे काम केलेल्या जुन्या कंपाउंडरांनाही पहिल्या नोंदवहीत जागा मिळाली. म्हणजे अनुभव हीसुद्धा एक विद्या आहे, हे कायद्याने तेव्हा मान्य केले होते. मुंबईत १९५७ साली बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी निघाले. आज आपल्या भागात शहादा आणि शिरपूर येथेही फार्मसीची महाविद्यालये आहेत. खेड्यातल्या मुलाला घरापासून जवळ हे शिक्षण मिळते, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि या शिक्षणाचा मूळ रोख रसायनशास्त्राकडे व औषधे बनविण्याकडे होता. देशाला तेव्हा कारखाने हवे होते, म्हणून ते योग्यही होते. पण आज गोळी कारखान्यातून बांधून येते. दुकानात उरते ते काम वेगळे: चिठ्ठी पारखणे, योग्य औषध काढणे आणि घेणाऱ्याला ते समजावून देणे. या कामाची परीक्षा कोठे होते, हे पाहावयाचे तर आमच्या म्हसावदसारखे गाव घ्यावे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या गावी डोंगरातली माणसे येतात. कोणी अहिराणी बोलतो, कोणी गुजरी, कोणी भिली, कोणी पावरी.

एक माय तान्ह्या मुलासाठी कोरड्या भुकटीची बाटली घेऊन निघते. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावयाचे, दर वेळी बाटली हलवावयाची, आणि असे कालवलेले औषध बहुधा सात दिवसांनंतर टाकून द्यावयाचे, हे तिला कोणी सांगितले नाही तर औषध असूनही उपयोग नाही. दुसरा रोगी हिवतापाचा. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात प्रायमाक्वीन ही गोळी साधारणपणे चौदा दिवस घ्यावी लागते. ताप चार दिवसांत उतरतो आणि माणूस गोळ्या फेकून मजुरीला जातो. यकृतात दडलेले जंतू मात्र राहतात. शिवाय काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. त्यांच्या तांबड्या पेशी याच गोळीने फुटतात. लघवी काळसर झाली तर गोळी थांबवून दवाखाना गाठावा, हे वाक्य त्याच्या भाषेत सांगणारा कोणी तरी हवा.

तिसरे उदाहरण सिकलसेलचे. आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात हा आनुवंशिक आजार आढळतो. रक्त कमी म्हणजे लोहाच्या गोळ्या, असा सर्वांचा समज. पण सिकलसेलच्या रोग्याला तपासणीवाचून लोह देत राहणे हिताचे नसते. आणि चौथे उदाहरण इन्सुलिनचे. दोन ते आठ अंश थंडाव्यात ठेवावयाची ती बाटली वैशाखात जीपच्या टपावरल्या पिशवीतून डोंगरात गेली, तर काय होईल?

यांपैकी शास्त्राचा बराचसा भाग पुस्तकात आहे, आणि मुले तो पाठ करून उत्तीर्णही होतात. परंतु “पोट दुखस” म्हणणाऱ्या आजीला दोन प्रश्न विचारून चिठ्ठीतला घोटाळा ओळखणे, मेटफॉर्मिन व मेट्रोनिडाझोल यांसारखी कानाला जवळची नावे वेगळी राखणे, डॉक्टरला नम्रपणे परंतु न भिता फोन करणे, हे पुस्तकातून येत नाही. ते जाणत्या माणसाशेजारी उभे राहूनच येते.

नियम करणाऱ्यांना हे ठाऊक होते. पदविकेच्या १९९१ च्या नियमांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घातले आहे. ते किमान तीन महिन्यांत पसरलेले असावे आणि त्यांतले २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधे देण्यात जावेत, असा दंडक आहे. २०२० च्या नव्या नियमांतही हे प्रशिक्षण कायम आहे. याउलट पदवीला, म्हणजे अधिक वर्षे शिकणाऱ्याला, १५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. ते कारखान्यातही चालते, आणि अभ्यासक्रमात त्यापुढे ‘इष्ट’ असे लिहिले आहे. ब्रिटनमध्ये चार वर्षांच्या पदवीनंतर वर्षभर देखरेखीखाली काम केल्यावाचून नोंदणी होत नाही. आमच्याकडे २००८ साली सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म. डी. अभ्यासक्रमात शेवटचे वर्ष रुग्णालयात जाते. पण ती पदवी घेऊन खेड्यातल्या दुकानात कोण उभा राहणार?

खरे दुखणे पुढेच आहे. तासांच्या वहीवर सही मिळते, पण तास भरलेले असतातच असे नाही. आमच्या पाहण्यात असे तरुण आले, ज्यांचे प्रमाणपत्र एका गावच्या भिंतीवर टांगलेले आणि ते स्वतः दुसऱ्या गावी भलत्याच नोकरीत. प्रमाणपत्राला महिन्याचे भाडे मिळते. औषध देतो तो दहावी-बारावीपर्यंत शिकलेला, तुटपुंज्या पगाराचा पोऱ्या. त्या पोऱ्याचा यात दोष नाही. तो हुशार असतो, फळी तोंडपाठ असते. फक्त चूक झाली तर तिची जबाबदारी त्याच्या माथी येते, आणि तिचे ज्ञान त्याला कोणी दिलेले नसते. २०१२ च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच, असा आग्रह धरला, तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल.

पदविकाधारकांसाठी २०२२ साली निर्गम परीक्षेचा नियम झाला आणि २०२४ साली ती प्रथम घेण्यात आली. ही परीक्षा स्वागतार्ह आहे. परंतु तिच्यात स्मरण तपासले जाते. आजीशी बोलता येते की नाही, हे कळत नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. ते ५०० तास खरे करावेत. प्रशिक्षणार्थीला त्या काळात वेतन मिळावे, कारण फुकट राबणाऱ्याला सही लवकर हवी असते. त्याला शिकविणाऱ्या फार्मासिस्टचे नाव नोंदले जावे आणि कॉलेजच्या शिक्षकाने येऊन पाहावे. परिसरातली बोलीभाषा हा प्रशिक्षणाचाच भाग मानावा. पदवीधरालाही हेच तास सक्तीचे असावेत. आणि शिकलेल्या माणसाला त्याच्या कामाचा पगार मिळावा. अन्यथा भिंतीवरचे भाडे त्याला अधिक परवडत राहील.

यात श्रोत्यांचाही वाटा आहे. २०१५ च्या व्यवसाय-नियमांनुसार फार्मासिस्टने पांढरा डगला घालून त्यावर आपले नाव व नोंदणी क्रमांक लावावयाचा आहे, आणि रोग्याला औषधाची माहिती देणे हे त्याचे कर्तव्य आहे. पुढच्या वेळी मेडिकलवर गेलात की पैसे देण्याआधी एवढे विचारा: “फार्मासिस्ट कोण? ही गोळी कशी घ्यायची, ते जरा सांगा.” प्रत्येक गिऱ्हाईक असे विचारू लागले, तर तो माणूस दुकानात ठेवणे मालकाला भाग पडेल.