फ्रेंच क्रियापद आणि मायची पत्रे

माझा पेशा कोणी विचारला की सांगताना मला अजूनही थोडे अवघडल्यासारखे होते. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात सानगडी नावाचे गाव आहे. एक जुना किल्ला, धानाच्या बांध्या, तळी आणि बोड्या, असा तिकडचा मुलूख. तिथल्या एका धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मी मुलगा, आणि उभी तीस वर्षे मी नागपुरात फ्रेंच शिकवले! सुटीत गावी गेलो की पारावरची म्हातारी माणसे विचारीत, "काऊन रे, थे फ्रेंच कोनाच्या कामी येते?" मी हसून वेळ मारून नेई. परंतु एका गोष्टीसाठी ते फ्रेंच माझ्या फार कामी आले. ती गोष्ट आज सांगतो. तीत थोडे व्याकरण येईल, पण वाचकांनी घाबरून पान उलटू नये. परीक्षा कोणाचीच घ्यायची नाही.

कॉलेजात असताना फ्रेंचच्या व्याकरणातले एक रूप मला फार आवडे. त्याला आपण 'भूतकाळी विध्यर्थ' म्हणू. इच्छा, भीती, शंका, गरज यांच्या मागून जे क्रियापद येते त्याला फ्रेंचमध्ये विध्यर्थाचा वेगळा पोशाख घालावा लागतो. 'तो यावा असे मला वाटते' यातला 'यावा' हा साधा विध्यर्थ. पण मुख्य वाक्य भूतकाळात गेले, 'तो यावा असे मला वाटत होते' असे झाले, की जुन्या फ्रेंच शिस्तीप्रमाणे त्या 'यावा'लाही भूतकाळात जावे लागते. 'व्हिएन'चे 'व्हँ' होते. आपल्या मराठीचा 'यावा' मात्र जागचा हलत नाही. आज वाटो की काल वाटलेले असो, यावा तो यावाच.

हे रूप बनवण्याची रीत मोठी मौजेची आहे. क्रियापदाच्या साध्या भूतकाळाचे 'तू'चे रूप घ्यायचे. त्याच्या लेखी रूपाच्या शेवटी एक मुका 'स' असतो, तो लिहितात पण उच्चारत नाहीत. त्याला आणखी दोन अक्षरे जोडली की तो मुका 'स' बोलू लागतो. 'पार्ला'चे 'पार्लास', 'फिनि'चे 'फिनिस', 'फ्यु'चे 'फ्युस'. ज्या भाषेत अपवादांचा नुसता सुळसुळाट, तिच्यात हा नियम सगळ्या क्रियापदांना सरसकट लागू पडतो. तृतीयपुरुषी एकवचनात तेवढी गंमत. तिथे 'स' कधीच गळून गेला आणि त्याची खूण म्हणून स्वराच्या डोक्यावर एक इवलीशी टोपी राहिली. 1990 साली फ्रेंच लेखनात सुधारणा झाली, पुष्कळ शब्दांच्या टोप्या ऐच्छिक झाल्या, पण या रूपांची टोपी जागेवर राहिली. कानाला मात्र ती ऐकू येत नाही. टोपीवाले 'फ्यु' आणि बोडके 'फ्यु' यांचा उच्चार एकच!

मी ही रूपे वहीच्या वह्या भरून घोकली. परीक्षेत गुण मिळाले, आणि त्या गुणांबरोबर डोक्यात थोडा वाराही शिरला.

आता मायची गोष्ट. माझी माय शाळेत कधीच गेली नव्हती. साठीच्या दशकात खेडोपाडी ग्रामशिक्षण मोहीम चालू होती, त्या दिवसांत ती रात्रीच्या वर्गाला बसून अक्षरे शिकली. मी 1967 साली कॉलेजसाठी नागपूरला आलो, तेव्हा तिने मला पहिले पत्र धाडले. पोस्टकार्डावर मोठमोठी, वाकडीतिकडी अक्षरे. बोलते तसेच लिहिलेले, म्हणजे आमच्या झाडीबोलीत: "बोडी भरली. रोवना झाला. बापाचा खोकला कमी झाला. बांधीत उभी रायली का याद येते. दिवारीले येजो."

होस्टेलवर शहरातली मुले होती. त्यांनी ते वाचले आणि 'दिवारी' या शब्दावर अर्धा तास हसत बसली. मीही हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे झाले असते. मी लाल पेन्सिल काढली. 'दिवारीले' खोडून 'दिवाळीला' केले, 'रायली'चे 'राहिली', 'का'चे 'की', आणि 'येजो' खोडून नुसते 'ये' केले. वर 'शुद्ध लिहीत जा' असा शेरा मारून ते कार्ड पाकिटात घालून परत धाडले. सतरा वर्षांचा होतो मी. आपण मायला शिकवतो आहोत, असे मला अगदी मनापासून वाटले.

पुढचे पत्र आले ते गावच्या एका गुरुजींच्या हातचे. 'अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. तुमच्याकडील खुशाली कळवावी.' एक चूक नाही! त्यानंतर दरमहा तसेच पत्र येई. बोडी भरली की नाही, बापाचा खोकला कसा आहे, यातले अवाक्षर त्यात नसे. मला वाटे, चला, पत्रे सुधारली.

सोळा वर्षे गेली. 1983 च्या उन्हाळ्यात मला शिक्षकांच्या एका अभ्यासक्रमासाठी फ्रान्समधल्या बेझाँसाँ या शहरी जाण्याची संधी मिळाली. एका कुटुंबात उतरलो होतो. घरात आजीबाई, त्यांची सून आणि दहा वर्षांचा नातू. पहिल्याच रात्री जेवायला बसलो, तो ताटात मांस! मी शाकाहारी. आता हे शक्य तितक्या अदबीने सांगावे म्हणून मी मनातल्या मनात वाक्य जुळवले: 'मी शाकाहारी आहे हे आपल्याला ठाऊक असावे, अशी माझी इच्छा होती.' इच्छा होती, म्हणजे भूतकाळ. तेव्हा 'ठाऊक असावे'चा भूतकाळी विध्यर्थ हवा. मी मोठ्या ऐटीत 'स्युसिए' असे रूप फेकले.

नातू खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. सून तोंडाला रुमाल लावून स्वयंपाकघरात पळाली. त्याचे असे, की चोखणे या अर्थाच्या दुसऱ्या एका क्रियापदाचे वर्तमानकाळी विध्यर्थी रूपही 'स्युसिए' असेच ऐकू येते! त्या पोराच्या कानी काय पडले असेल, हे वाचकांनीच ताडावे.

आजीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझे ताट उचलून आत दिले आणि म्हणाल्या, "तुम्ही बोललात ते पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर आहे. माझी आजी पत्रात असेच लिहायची. पण आम्ही बोलताना 'साशिए' म्हणतो." 'साशिए' म्हणजे साधा वर्तमानकाळी विध्यर्थ. फ्रेंच माणसाच्या तोंडून ही भूतकाळी रूपे कधीच निघून गेली आहेत. 1901 साली तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी परीक्षकांसाठी एक हुकूम काढला, आणि काही प्रकारच्या वाक्यांत या रूपाऐवजी वर्तमानकाळी रूप लिहिले तर ती चूक धरू नये असे ठरवून दिले. आज ही रूपे राहिली आहेत ती जुन्या ग्रंथांत, चोखंदळ लेखकांच्या गद्यात आणि दोन-चार ठरीव वाक्प्रचारांत. म्हणजे फ्रेंच बोलणाराही आता मराठी माणसासारखेच करतो. काल वाटलेले असो की आज, 'यावा' तो 'यावा'.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? या लेखात मी 'येई', 'वाटे', 'नसे' असे लिहीत आलो, ते तुम्हाला खटकले का? नसेल. पण घरी कोणी 'मी रोज बागेत जाई' म्हणाले तर मुले त्याच्या तोंडाकडे बघत राहतील. बोलताना आपण 'जायचो' म्हणतो. एके काळी ही रूपे चालू वर्तमानकाळाची होती. 'बळी तो कान पिळी' या म्हणीत ती अजून तशीच बसली आहेत. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठी भाषेच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला. तो 1920 साली पॅरिसला प्रसिद्ध झाला आणि 1941 साली वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. असले ग्रंथ वाचताना कळते, की रूपे येतात, जातात आणि कामेही बदलतात.

त्या रात्री बेझाँसाँला मला झोप आली नाही. आठवले ते 'येजो'. 'ये' म्हणजे आत्ता ये. 'येजो' म्हणजे आत्ता नव्हे, पुढे, तुझ्या सोयीने, पण नक्की ये. आज्ञाही आहे आणि आर्जवही आहे. शाळेच्या व्याकरणात मला त्याचा रकाना कधी दिसला नव्हता. फ्रेंचांच्या तोंडातून गेलेला, केवळ कागदावर उरलेला अर्थ मी वर्षानुवर्षे घोकत बसलो होतो. आणि माझ्या मायच्या तोंडात जिवंत असलेला, पहिल्यांदाच कागदावर उतरलेला अर्थ मी लाल पेन्सिलीने खोडला होता. आजीबाईंनी परक्या माणसाची चूक पोटात घातली. मी सख्ख्या मायची, तीही चूक नसताना, घातली नव्हती.

त्या दिवाळीत गावी गेलो. मंडईचे दिवस होते. रात्री दंडार पाहून आल्यावर मायला 'स्युसिए'ची सगळी हकिगत सांगितली. ती पदर तोंडाला लावून पोटभर हसली आणि मग म्हणाली, "म्हंजे तुले बी लाल शाई लागली म्हन की!"

सोळा वर्षांत तिने त्या कार्डाचा एकदाही उल्लेख केला नव्हता. मी मान खाली घालून म्हटले, "माय, आता तूच लिहीत जाजो." ती म्हणाली, "आता कोन लिहिते बावा. हात नाई चालत."

पुढे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, त्या बोलीची साहित्य संमेलने भरू लागली, तिच्यात पुस्तके निघाली. माझ्या मायने यातले काही वाचले नाही. पण पुढच्या पावसाळ्यात मला एक पोस्टकार्ड आले. अक्षरे पूर्वीपेक्षाही वाकडी. ते आज माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, आणि दर दिवाळीला मी नातवंडांना ते वाचून दाखवतो:

"बोडी भरली. रोवना उद्या संपते. दिवारीले येजो. याले लाल शाई लावजो नोको."