निळे, पिवळे आणि चेंबूरकर

चेंबूरमध्ये क्रिकेटवर वाद घालायचा तर विरुद्ध पक्ष शोधत फिरावं लागत नाही. तो शेजारच्या दारात राहतो. मुंबईच्या बहुतेक उपनगरांत आयपीएलच्या दिवसांत सगळे एकाच संघाचे असतात आणि भांडण होतं ते अकरा जणांत कोण हवा, कोण नको, एवढ्यावरच. चेंबूरमध्ये मुंबई इंडियन्सची निळी जर्सी आणि चेन्नई सुपर किंग्सची पिवळी जर्सी एकाच इमारतीच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या दिसतात. दोन्ही संघ एकमेकांसमोर उभे राहिले की त्या इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर दोन आवाज ऐकू येतात.

यामागे या उपनगराच्या वस्तीचा इतिहास आहे. माटुंगा आणि किंग्ज सर्कल भागात स्थिरावलेल्या तमिळ कुटुंबांची पुढची पिढी जागेच्या शोधात हार्बर लाइनच्या बाजूला सरकली आणि चेंबूरमध्ये रुजली. छेडानगरातलं मुरुगनाचं देऊळ आणि कर्नाटक संगीताच्या मैफली भरवणारी फाइन आर्ट्स सोसायटी या त्या वस्तीच्या खुणा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित चेंबूर कॅम्पात आले. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी, आरसीएफच्या खत कारखान्यानं आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानं देशभरातली माणसं इथं आणली. मराठी माणूस तर आधीपासून होताच. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेनं सुरुवातीच्या वर्षांत दक्षिण भारतीयांविरुद्ध मोहीम चालवली, तेव्हा याच वस्त्यांमध्ये मराठी आणि तमिळ कुटुंबं भिंतीला भिंत लावून राहत होती. त्या काळची कटुता आठवणारी पिढी अजून आहे. त्यांची नातवंडं आज रोहित की धोनी यावरून हमरीतुमरीवर येतात. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

शिवलकर आणि कुमार

हा वाद आयपीएलनं सुरू केलेला नाही. मुंबई आणि मद्रास यांची खुन्नस रणजी करंडकाइतकी जुनी आहे. ज्येष्ठांच्या वादात हमखास निघणारा सामना म्हणजे १९७२-७३ च्या मोसमातली चेपॉकवरची अंतिम लढत. एका बाजूला सलग चौदा वेळा रणजी करंडक जिंकलेली मुंबई, दुसऱ्या बाजूला वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार या फिरकी जोडीचा तमिळनाडू. मुंबईचे दोन डाव १५१ आणि ११३ धावांत आटोपले. एवढ्या धावांवर कुठलाही संघ हरला असता. पण पद्माकर शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. तमिळनाडू ८० आणि ६१ मध्ये गारद झाला. मुंबई १२३ धावांनी जिंकली आणि सलग पंधरावं विजेतेपद घरी आलं.

या सामन्यावर बोलताना दोन्ही बाजूंचा आवाज एका ठिकाणी एकदम खाली येतो. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींची होती आणि शिवलकरांच्या ऐन उमेदीत ती रिकामी झालीच नाही. मराठी माणूस हे तळमळीनं सांगतो, तेव्हा तमिळ शेजारी व्ही. व्ही. कुमारांचं नाव काढतो. लेगस्पिनर कुमारांच्या खात्यावर प्रथम श्रेणीतले ५९९ बळी, आणि कसोट्या फक्त दोन. दोघांचं दुःख एकच. तिथून पुढं वाद एकमेकांशी राहत नाही, तो निवड समितीशी सुरू होतो. शिवलकरांना बीसीसीआयचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला तो २०१६-१७ सालचा, म्हणजे खेळ सोडल्यावर कित्येक वर्षांनी. ३ मार्च २०२५ रोजी ते गेले.

मधल्या पिढीचा सामना एप्रिल २००० मधला, वानखेडेवरचा उपांत्य सामना. तमिळनाडूनं ४८५ धावा केल्या होत्या. सचिननं नाबाद २३३ करून मुंबईला ४९० पर्यंत नेलं. पाच धावांची आघाडी! ही खेळी चेंबूरच्या तमिळ घरांतही तितक्याच आदरानं सांगितली जाते, कारण ती आपल्याच गोलंदाजांविरुद्ध होती आणि म्हणून तिची किंमत त्यांना नेमकी ठाऊक आहे.

कप्तानांचा हिशेब

आयपीएल २००८ साली आली आणि वादाला दरवर्षी नवा दारूगोळा मिळू लागला. मुंबईची पाच विजेतेपदं २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० ची. चेन्नईची पाच २०१०, २०११, २०१८, २०२१ आणि २०२३ ची. मुंबईची पाचही रोहित शर्माच्या नेतृत्वाखाली, चेन्नईची पाचही धोनीच्या. बरोबरी झाली की वाद तपशिलात शिरतो. निळा पक्ष म्हणतो, दोघांत चार अंतिम सामने झाले आणि त्यांतले तीन आम्ही जिंकले. पिवळा पक्ष म्हणतो, दोन वर्षं आम्ही स्पर्धेतच नव्हतो. त्यावर निळा पक्ष विचारतो, का नव्हतात ते सांगा. २०१६ आणि २०१७ च्या बंदीचा विषय निघाला की पिवळे २०१८ वर उडी मारतात: परतल्यावर पहिलाच सामना वानखेडेवर मुंबईविरुद्ध, मांडीचा स्नायू दुखावून तंबूत गेलेला केदार जाधव शेवटच्या षटकासाठी लंगडत परत आला, षटकार आणि चौकार मारून सामना काढला, आणि त्याच वर्षी याच मैदानावर करंडक उचलला.

कप्तान आणि प्रशिक्षकांच्या चुका मोजायला बसलं तर दोन अंतिम सामने शेजारी शेजारी ठेवून बघावेत. २५ एप्रिल २०१० ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई १६९ चा पाठलाग करत होती. पोलार्डला फार उशिरा पाठवलं गेलं. त्यानं १० चेंडूंत २७ केल्या, पण तोवर चेंडू संपत आले होते. धोनीनं हेडनला गोलंदाजाच्या मागं जवळजवळ सरळ रेषेत उभं केलं आणि पोलार्डचा झेल तिथंच गेला. मुंबई २२ धावांनी हरली. २६ मे २०१३ ला ईडन गार्डन्सवर नेमकं उलट घडलं. पोलार्डनं ३२ चेंडूंत नाबाद ६० केल्या, मुंबई १४८ ला पोचली. चेन्नईची आघाडीची फळी कोसळत असताना धोनी सातव्या क्रमांकापर्यंत आलाच नाही. आला तेव्हा ४५ चेंडूंत नाबाद ६३ केल्या आणि संघ २३ धावांनी हरला. आपला सगळ्यात मोठा फटकेबाज मागं राखण्याची एकच चूक दोन्ही संघांनी केली आणि दोघांनीही तिची किंमत करंडकानं चुकवली. हे दोन सामने ज्याला पाठ आहेत, तो ‘आमचा कप्तान कधी चुकत नाही’ असं म्हणत नाही.

२०१९ ची हैदराबादची अंतिम लढत हा तर न संपणारा विषय. मुंबई १४९, चेन्नई १४८. धोनी दोन धावांवर ईशान किशनच्या थेट फेकीवर धावबाद झाला, तो निर्णय तिसऱ्या पंचानं बराच वेळ निरनिराळ्या कोनांतून पाहून दिला. चेंबूरमध्ये तो निर्णय अजून दिला जातोय. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. मलिंगाच्या संथ यॉर्करवर शार्दूल ठाकूर पायचीत झाला. सामनावीर ठरला जसप्रीत बुमराह, १४ धावांत २ बळी. मलिंगानं आधीच्या एका षटकात २० धावा दिल्या होत्या, म्हणून त्याला पुरस्कार नको, असं एक मत. पण तो शेवटचा चेंडू टाकण्याची हिंमत आणखी कुणात होती, हे दुसरं. आणि गुडघ्यातून रक्त वाहत असताना ८० धावा करणारा वॉटसन? त्याचं नाव दोन्ही बाजू घेतात.

एक षटक, तीन दावेदार

पुरस्कार कुणाला, हा प्रश्न किती खोल जातो ते १४ एप्रिल २०२४ च्या सामन्यात दिसतं. वानखेडेवर चेन्नईच्या डावाचं विसावं षटक हार्दिक पंड्यानं स्वतःकडे घेतलं. कप्तानपद रोहितकडून त्याच्याकडे आल्याला चारच महिने झाले होते आणि मोसमात वानखेडेच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. मिचेल बाद झाला, धोनी आला, तेव्हा चार चेंडू उरले होते. षटकार, षटकार, षटकार, आणि शेवटच्या चेंडूवर दोन. चार चेंडूंत २०. चेन्नई २०६.

मग रोहितनं ६३ चेंडूंत नाबाद १०५ केल्या. दुसऱ्या बाजूनं साथ मिळाली नाही. मथीशा पथिरानानं पहिल्याच षटकात दोन गडी टिपले. त्यांतला एक अणुशक्तीनगरचा सूर्यकुमार, शून्यावर, सीमारेषेवर तोल सावरत मुस्तफिजूरनं पकडलेला. मुंबई १८६ वर थांबली. हार २० धावांची, आणि धोनीच्या धावाही वीसच. २८ धावांत ४ बळी घेणारा पथिराना सामनावीर ठरला.

पिवळ्यांतले धोनीभक्त म्हणतात, थालाचे चार चेंडू वगळा आणि सामना बरोबरीत आणा. निळे म्हणतात, शतक करून एकट्यानं मान खाली घालून परतणाऱ्या माणसाला काहीच का मिळू नये? तिसरा, बहुधा टेनिस बॉलवर गोलंदाजी करणारा कुणी पोरगा म्हणतो की पुरस्कार योग्य माणसाला गेला, कारण रोहितच्या समोरचं टोक पथिरानानं मोकळं केलं. माझं मत या तिसऱ्याकडे झुकतं. पण तिघांचंही ऐकल्यावर सामना जास्त कळतो, हे नक्की.

गुण मोजणारं यंत्र आणि मत देणारी माणसं

आयपीएलच्या टोप्यांमध्ये वादाला जागा नाही. नारिंगी टोपी सर्वाधिक धावांना, जांभळी सर्वाधिक बळींना. सचिनची २०१० ची ६१८ धावांची टोपी, ऋतुराजची २०२१ ची ६३५ ची, ब्राव्होची २०१३ मधली ३२ बळींची, या नुसत्या बेरजा आहेत. ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ हा किताबही गुणांवर ठरत आला आहे: चौकाराला अडीच, षटकाराला साडेतीन, बळीला साडेतीन, निर्धाव चेंडूला एक. पळून काढलेल्या धावांना शून्य. या पद्धतीत पहिल्या षटकातला निर्धाव चेंडू आणि शेवटच्या षटकातला निर्धाव चेंडू यांचं मोल सारखंच.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये असा किताब क्रीडापत्रकारांच्या मतांनी दिला जातो आणि म्हणून तिथले वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. १९४१ साली बॉस्टनच्या टेड विल्यम्सची फलंदाजीची सरासरी .४०६ होती. न्यूयॉर्क यँकीजच्या जो डिमॅजिओनं सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट मिळवण्याचा विक्रम केला. मतं डिमॅजिओला जास्त पडली. १९४७ साली विल्यम्सनं सरासरी, होमरन आणि काढून दिलेल्या धावा या तिन्हींत आघाडी घेतली, तरी किताब डिमॅजिओलाच, फक्त एका गुणाच्या फरकानं. बॉस्टन आणि न्यूयॉर्कचे चाहते त्या एका गुणावरून अजून भांडतात.

आपल्याकडे यंत्रानं बेरीज करून टाकली की वजन करायचं काम चाहत्यांवर येतं. ते काम चेंबूरचे कट्टे चोख करतात. खेळपट्टी कशी होती, दडपण किती होतं, समोर कोण होतं, हे सगळं तिथं मोजलं जातं.

आपला कोण?

आणि मग सगळ्यात अवघड प्रश्न. चेन्नईचा कप्तान ऋतुराज गायकवाड पुण्याचा. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर मुंबईविरुद्ध १९ चेंडूंत अर्धशतक ठोकणारा अजिंक्य रहाणे मुलुंडचा. शिवम दुबे मुंबईचा. चेन्नईकडून खेळून गेलेला तुषार देशपांडे कल्याणचा, तसाच शार्दूल पालघरचा. २०२५ मध्ये ऋतुराज जखमी झाला तेव्हा त्याच्या जागी आला विरारचा आयुष म्हात्रे, आणि पहिलाच सामना वानखेडेवर मुंबईशी: १५ चेंडूंत ३२. पिवळ्या जर्सीत इथले इतके मुलगे पाहिल्यावर ‘मराठी माणूस म्हणजे निळा’ हे समीकरण टिकत नाही.

उलट्या बाजूनं पाहा. निळ्या जर्सीत चेंबूरचा स्वतःचा मुलगा म्हणजे सूर्यकुमार यादव. घराणं गाझीपूरचं, वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात अभियंता, शिक्षण अणुशक्तीनगरच्या शाळेत, खेळाचे पहिले धडे तिथल्याच वसाहतीतल्या शिबिरात. रणजीत तो २०१० साली आला, भारतासाठी निवड व्हायला तिशी गाठावी लागली. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला पहिला चेंडू जोफ्रा आर्चरचा, आणि तो त्यानं थेट षटकार मारून सीमेपार केला. २०२४ च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सीमारेषेवर मिलरचा झेल त्यानंच घेतला. २०२५ च्या आयपीएलमध्ये ७१७ धावा करून सर्वांत मौल्यवान खेळाडूचा किताबही त्यानंच मिळवला. छेडानगरातला कट्टर पिवळा चाहतासुद्धा सूर्याच्या बाबतीत बाजू बदलतो: “तो आमच्या एरियातला आहे.”

मार्च २०२४ मध्ये बीकेसीवर मुंबई–तमिळनाडू रणजी उपांत्य सामना झाला, तेव्हा तर गुंता पूर्ण झाला. तमिळनाडूचे प्रशिक्षक होते मुंबईकर सुलक्षण कुलकर्णी. नाणेफेक जिंकून आधी फलंदाजी घेण्याचा कप्तान साई किशोरचा निर्णय आपल्याला पटला नव्हता, हे त्यांनी पराभवानंतर उघड सांगितलं. १०६ वर ७ बाद झालेल्या मुंबईला शार्दूलच्या १०९ धावांनी बाहेर काढलं, आणि मुंबई एक डाव ७० धावांनी जिंकली. हरलेल्या कप्तानावर जाहीर बोट ठेवावं का, यावर चेंबूरमधली बरीच मराठी माणसं साई किशोरच्या बाजूनं उभी राहिली, आणि तमिळ माणसं कुलकर्णींच्या.

म्हणून मला वाटतं, या वादाला नुसता टाइमपास म्हणून हिणवू नये. निष्ठा जन्मानं मिळत असेल, पण ती वादात तपासली जाते. आपल्या खेळाडूची बाजू मांडायची तर समोरच्याचा खेळाडू तितक्याच बारकाईनं पाहावा लागतो, आणि बारकाईनं पाहिलेल्या माणसाचा द्वेष करणं कठीण असतं. एकेकाळी ज्यांना हे शहर सोडायला सांगितलं गेलं, त्यांच्या नातवंडांशी आपली नातवंडं आज हक्कानं भांडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलतात, हे या उपनगराचं मोठं कर्तृत्व आहे. ज्येष्ठांनी तरुणांच्या या भांडणात जरूर पडावं, शिवलकर आणि कुमारांची नावं त्यात आणावीत. किताबांच्या यादीत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांना न्याय देण्याची ताकद अखेर अशा वादांतच आहे.