चाळीतल्या कोंब आलेल्या कांद्याची महिन्यात घरची पात

नरडाणा (ता. शिंदखेडा) : दिवाळीच्या सुमाराला चाळीतला उन्हाळी कांदा कोंब फोडू लागतो. त्याला भाव मिळत नाही, मग तो उकिरड्यावर जातो नाहीतर ढोरांपुढे पडतो. ढोरांना घालणं धोक्याचं आहे. जास्त कांदा पोटात गेला की जनावराचं रक्त कमी होतं, लघवी लाल होते. आणि गंमत अशी, की त्याच दिवसांत भरिताचा हंगाम सुरू होतो अन् पातीची जुडी आपण बाजारातून विकत आणतो.

हेच कांदे परसात लावा. खाटेएवढी जागा पुरे. आपली काळी जमीन पाणी धरते, कांदा सडतो. म्हणून वीतभर उंच गादीवाफा करून त्यात कुजलेलं शेणखत मिसळा. सडका, मऊ कांदा बाजूला काढा. चार बोटांवर एकेक कांदा बसवा, कोंब मातीच्या वर राहू द्या. पाणी हलकं, माती सुकल्यावरच. महिन्याभरात पात हाती येते. बुडापासून दोन बोटं ठेवून कापली की पुन्हा फुटते.

शहरातल्या हॉटेलांत लागणारा ‘लीक’ हा कांद्याचाच भाऊबंद. त्याला गड्डा धरत नाही. बुडाला माती चढवत नेऊन दांडा पांढरा अन् कोवळा ठेवतात. पण त्याला चार-पाच महिने अन् थंड हवा लागते, खान्देशचं ऊन त्याला मानवत नाही. माती चढवायची युक्ती मात्र आपल्या पातीलाही चालते.

पातीवर पांढुरके चट्टे दिसले तर फुलकिडे समजा. पाण्याचा जोरदार फवारा मारा, खराब पात कापून टाका. कपाशीचं उरलेलं औषध इथे अजिबात मारू नका. ते या भाजीसाठी नसतं आणि पात आपण कच्चीच खातो, लेकरंही खातात. तणनाशकाचा पंप तर वाफ्याजवळ नेऊच नका. पंपात राहिलेल्या थोड्या औषधानेही पात जळू शकते.

थंडीत या कांद्यांना डेंगळे येतात. ते कोवळे असतानाच मोडा, म्हणजे पात चालू राहते. बी धरायचा मोह झाला तरी ते शेतात वापरू नका. मधमाश्या आजूबाजूच्या जातींचा परागही आणतात, त्यामुळे पुढचा कांदा एकसारखा निघत नाही.