तांदळाचा शजरा

ईदला बासमतीची बिर्याणी आणि रोजच्या जेवणात कोलमचा किंवा उकड्या तांदळाचा भात, ही आपल्या घरांतली नेहमीची रीत. आपल्याकडचे रोजचे बहुतेक तांदूळ इंडिका या मोठ्या घराण्यातले. बासमती मात्र त्यांचा सख्खा भाऊ नाही. त्याचे जवळचे नाते पूर्व आशियात पिकणाऱ्या जॅपोनिका तांदळाशी आहे आणि त्यात बंगालकडच्या औस तांदळाचेही रक्त मिसळलेले आहे. हा शजरा कुणी बखरीत लिहून ठेवलेला नव्हता. तो दाण्यातच लिहिलेला होता आणि गेल्या वीस वर्षांत तो वाचता येऊ लागला.

प्रत्येक भाताच्या रोपात डीएनएची सुमारे ३९ कोटी अक्षरे असतात. ती १२ गुणसूत्रांत विभागलेली असतात आणि मूळ अक्षरे फक्त चार. भारतासह अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून २००५ मध्ये एका वाणाची ही पोथी पूर्ण वाचली. त्या वाणाचे नाव निप्पोनबारे, जपानी तांदूळ. पण एका माणसाची कुंडली पाहून साऱ्या गावाची ओळख होत नाही. म्हणून फिलिपाईन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने चिनी संस्थांच्या साथीने तीन हजार वाण वाचायला घेतले. ही माहिती २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. २०१८ मध्ये तिचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. ८९ देशांतले ३,०१० वाण आणि त्यांत एका अक्षराचा फरक पडणाऱ्या २ कोटी ९० लाख जागा!

आता गुणाकार करून पाहा. इतके वाण आणि इतक्या जागा यांचा तक्ता मांडला तर सुमारे ८,७०० कोटी रकाने होतात. जिल्ह्याच्या गावातल्या कृषी महाविद्यालयाने हे कुठे साठवायचे आणि कोणत्या संगणकावर उघडायचे? माहिती खुली असूनही ती हाताळायची ऐपत फक्त मोठ्या प्रयोगशाळांकडे असेल, तर ते खुलेपण नावापुरतेच राहते.

ही अडचण सोडवण्यासाठी त्याच संस्थेने ‘स्निप-सीक’ नावाचे ऑनलाईन साधन उभे केले. सगळा तक्ता संस्थेच्या संगणकावर राहतो. विद्यार्थिनीने आपले वाण निवडायचे, कोणत्या गुणसूत्राचा कोणता तुकडा हवा ते सांगायचे, की तेवढाच भाग तिच्या पडद्यावर येतो. दोन वाणांत फरक कुठे आहे ते दिसते, निवडलेल्या वाणांचा वंशवृक्षही काढता येतो. हजार पानी शब्दकोश पाठीवर न वाहता हवा तो शब्द विचारावा, तसे हे काम.

पण खरी कसोटी साठवणुकीची नव्हती. फरक मोजायचा तर कशाशी तुलना करून, हा मूळ प्रश्न होता. सुरुवातीला मोजपट्टी एकच होती, निप्पोनबारे. ओडिशाच्या पूरग्रस्त भागातल्या देशी भातातून निवडलेले एफआर १३ए हे वाण दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तग धरते. त्याची ही ताकद नवव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९६ मध्ये कळले. नेमके जनुक सापडायला २००६ साल उजाडले. पुढे साध्या संकरातून, जनुकाच्या खुणेवर नजर ठेवून, ते ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात आणले गेले आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब१’ भारतीय शेतकऱ्यांना मिळाले.

गंमत अशी की हे जनुक निप्पोनबारेत नाहीच. म्हणजे फक्त त्या मोजपट्टीने मोजले असते, तर ओडिशाच्या शेतकऱ्याने राखलेली दौलत पडद्यावर दिसलीच नसती. जे मोजपट्टीवर नाही, त्याला रकानाच मिळत नाही. पुढे या साधनात आयआर ६४ आणि कसलाथसारख्या इंडिका व औस घराण्यांतल्या वाणांच्याही मोजपट्ट्या जोडल्या गेल्या. आमच्या मते या साऱ्या कामातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच. साधन बांधताना कुणाला नमुना मानले, यावर कुणाची संपत्ती दिसणार हे ठरते.

तरी पडद्यावरची अक्षरे म्हणजे पीक नव्हे. कोणत्या अक्षराने रोग आटोक्यात राहतो, कोणत्याने सुगंध येतो, हे कळायला त्याच वाणांची शेतात लागवड करून, हंगामामागून हंगाम नोंदी ठेवाव्या लागतात. चिखलात उतरल्याशिवाय संगणकालाही काही सांगता येत नाही.

आणि मालकीचा प्रश्न उरतोच. १९९७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीला बासमती तांदळावर पेटंट मिळाले होते. भारताने हरकत घेतल्यावर २००१ पर्यंत त्यातले बहुतेक दावे मागे घेतले गेले किंवा रद्द झाले. माहिती सर्वांसमोर नोंदलेली असेल, तर ‘हे आम्हीच शोधले’ म्हणणाऱ्याला जाब विचारता येतो. पण त्या तक्त्यात वाणाचे नाव असते, देशाचे असते. पिढ्यान्‌पिढ्या कणगीत बियाणे राखणाऱ्या घराचे नसते. ती अमानत ज्यांनी सांभाळली, त्यांचा हक्क तक्त्याबाहेर राहू नये.

आपल्याकडे यासाठी २००१ चा कायदा आहे. शेतकरी स्वतः किंवा गाव मिळून आपले पारंपरिक वाण नोंदवू शकतात आणि त्याच्या वापरातून होणाऱ्या लाभात वाटा मागू शकतात. कोकणात, मावळात ज्या घरांत अजून जुने बियाणे आहे, त्यांनी कृषी विद्यापीठाकडे याची चौकशी जरूर करावी. आणि ज्या घरांत मुलगी जीवशास्त्र शिकते, मुलगा संगणक शिकतो, त्यांना आम्ही एवढेच सांगू: या दोन विषयांच्या सांध्यावर मोठे काम पडून आहे. त्यासाठी लागणारी माहिती खुली आहे. बियाणे राखणारे आणि ते वाचू शकणारे एकाच घरातले असतील, तर हक्क मागायला दुसऱ्या कुणाचे तोंड पाहावे लागणार नाही.