तीन आला कुठून?

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका शिकवणीत अकरावीची मुलं द्विपद प्रमेय सोडवत होती. फळ्यावर सूत्र, त्याखाली उदाहरणं. हात भराभर चालत होते. कोरेगावहून एसटीने येणाऱ्या एका मुलीने मात्र (अ + ब) च्या घनात, अअब या पदामागच्या सहगुणकावर बोट ठेवलं. ‘‘सर, हा तीन आला कुठून?’’

‘‘सूत्रच आहे ते. आठवीत झालंय,’’ म्हणत सर पुढे गेले. आठवीच्या पुस्तकात ‘विस्तार सूत्रे’ हे प्रकरण आहे, हे खरं. पण तिचा तीन तिथेच अडकला आणि माझाही पिच्छा सोडेना.

त्या तीनसाठी मी सांगलीला, विश्रामबागेत एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात आसपासची मुलं जमतात. सरांनी सूत्र लिहिलंच नाही. (अ + ब) चे तीन कंस शेजारी शेजारी मांडले. ‘‘प्रत्येक कंसातून एकच अक्षर उचलायचं. सांगा.’’ मुलं ओरडू लागली: अअअ, अअब, अबअ, बअअ... राहून गेलेली जोडणी सापडेपर्यंत सर गप्प. शेवटी आठ भरल्या. त्यांत एकच ब असलेल्या किती? तीन. तो ब पहिल्या कंसातला, दुसऱ्यातला किंवा तिसऱ्यातला. तीन आला तो इथून!

मग सुताराकडून कापून आणलेला सागवानी घन त्यांनी सुटा केला. आठ जोडण्या, तसे आठ तुकडे: मोठा घन, तीन जाड फळ्या, तीन लांब ठोकळे, एक छोटा घन. ताज्या लाकडाचा वास हाताला राहिला.

मराठीच्या तासाला वृत्तांचे गण शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तीन अक्षरं, प्रत्येक लघू किंवा गुरू, म्हणून गण आठ. ‘न’ गणात एकही गुरू नाही. भ, ज, स यांत एक. य, र, त यांत दोन. ‘म’ गणात तिन्ही. १, ३, ३, १. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर भाष्य करताना हलायुधाने दहाव्या शतकात याच आकड्यांचा मेरुप्रस्तार समजावला. तीच मांडणी असलेला पास्कलचा त्रिकोण सतराव्या शतकातला.

घातांक चार झाला की १, ४, ६, ४, १. हा सहा का? चार कंसांतून ब देणारे दोन कंस सहा प्रकारे निवडता येतात. घातांक दहा झाला, की मांडायच्या जोडण्या १०२४. त्यांत तीन ब असलेल्या १२०. एवढ्या कोण लिहीत बसणार? सूत्राची गरज इथे पडते, आणि इथेच ते मुलांच्या हाती यावं. आधी दिलेलं सूत्र घोकलं जातं, परीक्षेपुरतं टिकतं. असं शिकवणं मला अन्यायाचं वाटतं.

आठवीला गणित शिकवणाऱ्या सर-बाईंना एवढीच विनंती: सूत्र फळ्यावर येण्याआधी एक तास तीन कंसांना द्या. आठही जोडण्या मुलांनाच लिहू द्या.